निम्मा डोस म्हणजे शहाणपण, हे कोणी ठरवले?

शेवंती

गेल्या आठवड्यात खडीसाखर यांनी इथे लिहिले की चाळिशी ओलांडलेल्या बाईला बोटॉक्स, म्हणजे आठ्या पाडणारे स्नायू सैल करणारे इंजेक्शन, घ्यायचेच असेल तर तिने ‘बेबी बोटॉक्स’ घ्यावे, म्हणजे नेहमीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी मात्रेचे. पूर्ण मात्रा घेणाऱ्या बायका चेहऱ्याचा मुखवटा करून घेतात आणि त्यातून त्यांची असुरक्षितता तेवढी दिसते, असेही त्यांचे म्हणणे. त्याखाली ‘अगदी मनातले बोललात’ असे प्रतिसाद पडत गेले, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. पूर्ण मात्रा घेणारी मी आहे, आणि माझ्या असुरक्षिततेचे मोजमाप कोणी युनिटांत करावे हे मला मान्य नाही.

दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी 20 युनिट हा आकडा कोणा लोभी डॉक्टरच्या डोक्यातून निघालेला नाही. 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापराला मान्यता दिली ती याच मात्रेला, पाच ठिकाणी चार-चार युनिट अशी. कॅरुदर्स या डॉक्टर दांपत्याने पुढे 80 स्त्रियांवर 10, 20, 30 आणि 40 युनिटांची तुलना केली आणि 2005 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत 10 युनिटांचा परिणाम उघडपणे कमी होता आणि तो लवकर ओसरला. कमी मात्रेने स्नायू ‘सौम्य’ होतो हे वाक्य ऐकायला छान आहे, पण भुवया आवळणारा स्नायू बहुतेक मध्यमवयीन बायकांत वर्षानुवर्षांच्या सरावाने चांगला दणकट झालेला असतो.

मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. पालक माझ्या खोलीत शिरताच ‘मॅडम, नंतर येऊ का?’ असे विचारत, कारण मी वेळापत्रक वाचत असले तरी कपाळाला आठ्या असत. पहिल्या वेळी मीही शहाण्यासारखे निम्मेच घेतले. भुवयांचा आतला भाग थंडावला, बाहेरचा तसाच ओढत राहिला, त्यामुळे आठी गेली नाही, नुसती वाकडी झाली, आणि गणपती येईपर्यंत तीही पूर्ववत सरळ झाली होती. पुढच्या खेपेपासून पूर्ण मात्रा घेते. आता पालक आत येतात आणि बसतात. याला मुखवटा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

खडीसाखर

माझे लेखन इतके मनाला लागेल असे वाटले नव्हते, पण लागले आहे तर मागे घेत नाही. आपली आठी पालकांसमोरची आहे. माझी भुवई रंगमंचावरची आहे. मी ठाण्यात भरतनाट्यम शिकवते. नाट्यशास्त्रात भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. पूर्ण मात्रा घेतल्यावर माझ्याकडे ‘सहज’ तेवढे उरले. खंडिता, म्हणजे प्रियकरावर रुष्ट झालेल्या, नायिकेचे पद शिकवताना मुली माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीच सापडत नव्हते. वर भुवया खाली आल्या, पापण्या जड झाल्या, आणि त्या दोन-तीन महिन्यांत भेटेल तो मला ‘झोप होत नाही का?’ असे विचारत होता.

ज्या डॉक्टरांनी ते केले त्यांनी मला माझा व्यवसायही विचारला नव्हता. संशोधनातल्या त्या 80 स्त्रियांना अभिनय करायचा नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुईदोरा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि तुम्ही दोघी दोन वेगळ्या स्नायूंबद्दल भांडत आहात. शेवंती यांचा प्रश्न भुवया आत आणि खाली ओढणाऱ्या स्नायूंचा आहे. खडीसाखर यांच्या भुवया खाली आल्या त्या कपाळाच्या उभ्या स्नायूमुळे. भुवई वर उचलणारा चेहऱ्यावरचा तो एकमेव स्नायू आहे. चाळिशी-पन्नाशीत वरच्या पापणीची त्वचा सैल होऊ लागते आणि बाई नकळत कपाळ उचलून डोळे उघडे ठेवते. कपाळावरच्या आडव्या रेषा हा त्याच कष्टाचा जमाखर्च असतो. तिथे भरपूर औषध घातले की आधारच काढून घेतला जातो. म्हणून मी या वयात आधी डोळे मिटायला सांगते, कपाळावर हात ठेवून ते स्थिर धरते आणि मग डोळे उघडायला लावते. पापणी डोळ्यावर रेंगाळली तर कपाळाला अगदी थोडे औषध देते, प्रसंगी काहीच देत नाही.

भुवयांच्या मध्ये मात्र निम्म्या मात्रेचे कौतुक मला कळत नाही. पापणी उतरण्याची भीती सगळ्यांना असते, पण मान्यतेआधीच्या चाचण्यांत ती सुमारे 3 टक्के जणांत दिसली, आणि त्यात सुई कुठे आणि किती खोल टोचली याचा वाटा मोठा आहे. चुकीच्या जागी दिलेला बेबी डोसही पापणी उतरवू शकतो.

हल्ली तिशीतल्या मुली आणि पन्नाशीतल्या आया एकच रील दाखवून एकच ‘बेबी’ मागतात. मुलीच्या चेहऱ्यावर आठी फक्त हालचालीत दिसते. आईच्या चेहऱ्यावर ती झोपेतही कोरलेली असते आणि ती निम्म्या मात्रेने जाणार नाही. पूर्ण मात्रेनेही एका खेपेत पुसली जाईलच असे नाही.

बिनपगारी

स्नायूंचे ज्ञान झाले असेल तर आता बिलाबद्दल बोलू या का? माझ्या क्लिनिकमध्ये दर ‘भागाप्रमाणे’ होता. भुवयांमधला एक भाग, कपाळ दुसरा, डोळ्यांच्या कडा तिसरा. मी बेबी बोटॉक्स मागितले तेव्हा समुपदेशक मुलीने हसून ‘छान निवड, मॅडम’ म्हटले आणि तिन्ही भागांचे पूर्ण पैसे लावले. निम्मे औषध, पूर्ण दाम, आणि वर निवडीचे कौतुक! किती युनिट दिलीत असे विचारले तर ‘30’ म्हणाली. घरी येऊन वाचल्यावर कळले की ते बोटॉक्स नव्हतेच, डिसपोर्ट हे दुसऱ्या कंपनीचे तसेच औषध होते, आणि या दोघांची युनिटे एकमेकांशी जुळत नाहीत. भुवयांमधल्या ज्या आठ्यांना बोटॉक्सची 20 लागतात, त्यांनाच डिसपोर्टची मान्य मात्रा 50 आहे. म्हणजे मला तिन्ही भागांत मिळून एका भागाचेही औषध मिळाले नव्हते.

शिवाय बाटली माझ्यासमोर उघडलीच नाही. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार होती. तिच्यात सलाइन किती आणि औषध किती, हे देव जाणे. बाटलीच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की सलाइनमध्ये कालवल्यावर 24 तासांत वापरावे आणि एक बाटली एकाच रुग्णासाठी. मग दिवाळीआधी ‘बोटॉक्स डे’ ठेवून बायकांची रांग लावतात ती कशासाठी?

सुईदोरा

माहितीपत्रकात 24 तास आहेत हे खरे. पण नीट थंड ठेवलेले औषध त्यानंतरही काही आठवडे काम करते आणि जंतूंबाबत काळजी घेऊन एक बाटली अनेकांना वापरता येते, असे अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांचे सहमतीपत्रही आहे. शंभर युनिटांची बाटली एका बेबी डोससाठी फोडून उरलेली फेकायची असेल तर आपले बिल वाचायला आपल्याला खुर्ची लागेल. प्रत्येक डॉक्टर चोर आहे हे गृहीत धरून चर्चा होत नाही. तक्रार करायचीच असेल तर पार्लरमध्ये आणि दातांच्या दवाखान्यात सुया टोचणाऱ्यांची करा. बिघडलेली प्रकरणे शेवटी आमच्याकडेच येतात.

दाढदुखी

आले का दंतवैद्यांवर! मी मौखिक शल्यचिकित्सक आहे. चेहऱ्याच्या नसा आणि स्नायू मी वर्षानुवर्षे प्रत्यक्ष उघडून पाहिले आहेत, जबडा आवळणाऱ्या स्नायूत हेच औषध मी रोज देतो, आणि त्वचेवर मलम लिहून देणाऱ्यांकडून मला शरीररचनेचे धडे नकोत. पार्लर आणि दंतवैद्य एका ओळीत बसवणे हा अपमान आहे.

सुईदोरा

मलम लिहून देणाऱ्यांच्या शाखेनेच या औषधाचा सौंदर्यासाठीचा वापर उभा केला, हे विसरू नका. अ‍ॅलिस्टर कॅरुदर्स त्वचारोगतज्ज्ञ होते.

दाढदुखी

आणि आठ्या जाताहेत हे 1987 मध्ये प्रथम लक्षात आले ते त्यांच्या पत्नी जीन यांच्या नेत्रचिकित्सेच्या दवाखान्यात, पापण्यांच्या आचक्यांवर उपचार करताना. त्याही आधी अ‍ॅलन स्कॉट यांनी हे औषध तिरळेपणासाठी वापरले, तेही नेत्रतज्ज्ञच. तेव्हा वंशावळ काढायची असेल तर आपण दोघेही भाडेकरू आहोत.

पूर्वेचा वारा

मी न्यू जर्सीत राहते. इथे प्रशिक्षित परिचारिकाही ही इंजेक्शने देतात, आणि माझी परिचारिका बाटलीवरचा लॉट क्रमांक माझ्यासमोर फाइलमध्ये लिहिते, युनिटांचा दर भिंतीवर लावलेला असतो. तेव्हा पदवीचा एवढा अभिमान नको. मात्र इथेही सगळे आलबेल नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये रोगनियंत्रण केंद्राने 11 राज्यांतल्या 22 स्त्रियांना झालेला त्रास जाहीर केला; त्यांनी घरगुती ठिकाणी, स्पामध्ये किंवा परवाना नसलेल्या लोकांकडून बनावट वा नीट न हाताळलेले औषध घेतले होते, आणि त्यांतल्या 11 जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. स्वस्त बेबी डोसच्या जाहिरातींना भुलणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

खडीसाखर

स्वस्त ठिकाणी जा असे मी म्हटलेले नाही. मूळ मुद्दा मात्रेचा होता, तो आपण सर्वांनी मिळून दातांच्या दवाखान्यात नेऊन ठेवला आहे.

शेवंती

मूळ मुद्द्यावरच येते, आणि हिशेबच मांडते. भुवयांमधले 20 युनिट मला साधारण चार महिने पुरतात, म्हणजे वर्षाला 60. निम्म्या मात्रेचा परिणाम दोन-अडीच महिन्यांत सरतो. पण तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नये असे माहितीपत्रक सांगते, कारण वारंवार दिल्याने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे ते लागू न पडण्याची शक्यता असते. म्हणजे बेबीवाल्या बाईने नियम पाळला तर दर तिमाहीत काही आठवडे तिला आठ्यांसह काढायचे, आणि नियम मोडला तर औषधच गमावण्याचा धोका.

बिनपगारी

आपल्याच हिशेबाने दर तीन महिन्यांनी 10 म्हणजे वर्षाला 40 झाले की हो! साठापेक्षा स्वस्त.

शेवंती

स्वस्त आहे, मान्य. पैसे वाचवून वर्षातले काही महिने जुनाच चेहरा हवा असेल तर ती योजना उत्तम आहे.

कोरडी भाकर

पन्नाशीतली, पाळी थांबलेली एक बाई म्हणून विचारते: इथे रजोनिवृत्तीचा उच्चार कोणी केला का? इस्ट्रोजेन उतरले की पहिल्या पाच वर्षांत त्वचेला भरीव ठेवणारे कोलॅजेन सुमारे 30 टक्क्यांनी घटते. तुमची दहा युनिटे असोत की वीस, ती मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतात. कोलॅजेनला हातही लावत नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या वर्णात तर बारीक सुरकुत्यांच्या आधी वांग दिसतात, डोळ्यांखाली काळे दिसते आणि गाल बसतात. सनस्क्रीन न लावता कपाळ गुळगुळीत करून स्कूटरवरून भर उन्हात हिंडणाऱ्या बायका मी रोज पाहते. आमचे यजमान माझ्याहून मोठे, कपाळावर शेताच्या सऱ्या पडल्या आहेत, त्यांना कोणी ‘दमलेले दिसता’ म्हणत नाही. ‘अनुभवी दिसता’ म्हणतात. हा राग कोणत्या युनिटात मोजायचा ते सांगा.

शेवंती

राग रास्त आहे, पण यजमानांच्या सऱ्यांमुळे माझ्या आठीचे काही होत नाही. सनस्क्रीन मी लावते, रात्री ट्रेटिनॉइनचे मलमही लावते. त्याने त्वचेचा पोत सुधारला, आठी जागची हलली नाही. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

कोरडी भाकर

तर मग निदान इतके तरी लिहा की स्नायूंचा मायस्थेनियासारखा आजार असेल तर ही सुई नको, आणि काही प्रतिजैविके चालू असताना डॉक्टरांना सांगायलाच हवे. डोस लहान आहे म्हणून कोणी प्रश्न विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. माझ्या जावेला संमतीपत्र सही करायला दिले ते सुई टोचून झाल्यावर.

सुईदोरा

हे मात्र अक्षम्य आहे, आणि यात पदवीचा प्रश्न नाही. दाढदुखी यांनाही मान्य असावे.

दाढदुखी

मान्य आहे. पार्लरच्या ओळीतून बाहेर काढलेत तर आणखीही बरेच मान्य करीन.

खडीसाखर

सर्वांच्या कृपेने माझे इतके ज्ञानवर्धन झाले आहे की आता थोडे मागे सरकायला हरकत नाही. पूर्ण मात्रा म्हणजे मुखवटा, हे मी शेवंती यांच्या भुवयांमधल्या वीतभर जागेपुरते मागे घेते. कपाळापुरते घेत नाही. तिथे सुईदोरांनीच माझी बाजू मांडली आहे, त्यांच्या मनात नसताना. आणि ज्या बाईचे पोट चेहऱ्याच्या हालचालीवर चालते, मग ती नर्तकी असो, कीर्तनकार असो की नाटकातली नटी, तिने पहिल्यांदा कमीच घ्यावे आणि दोन आठवड्यांनी पूर्ण परिणाम दिसल्यावर हवे तर थोडे वाढवून घ्यावे. जास्त दिलेले काढून घेता येत नाही. ते ओसरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावे लागते. मी थांबले आहे, म्हणून सांगते.

शेवंती

दोन आठवड्यांनी भर घालण्याला माझा विरोध नव्हताच. ‘बेबी’ नावाने कायमचे अपुरे विकण्याला आहे. पुढच्या वेळी कोणत्या स्नायूला किती युनिट आणि कोणत्या कंपनीचे, हे कागदावर लिहून मागा. डॉक्टर लिहून देत नसतील तर उठून या.

खडीसाखर

मागीन. पण या सत्रात मुलींना भ्रुकुटी शिकवते आहे, तेव्हा मधल्या आठीला मार्गशीर्षापर्यंत कोणी हात लावायचा नाही.

बिनपगारी

आणि भाव विचारताना जीएसटी धरूनच विचारा. बिल हातात आल्यावर कपाळाला आठ्या घालायची सोय राहत नाही.