‘वाईट वाटलं’ म्हणजे पिक्चर वाईट का?

महाल (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या महाल भागातली, इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीला निबंध दिला होता : सुट्टीत पाहिलेला चित्रपट किंवा मालिका, आणि त्याबद्दल तुमचं मत. रविवारी ४२ वह्या घेऊन बसले. सातव्या-आठव्या वहीपर्यंत वाटलं, पोरांनी एकमेकांचं पाहून लिहिलंय. पण तसं नव्हतं. चित्रपट वेगळे, कथा वेगळ्या, शेवटचा परिच्छेद तेवढा सगळ्यांचा एकच : "हा चित्रपट खूप छान आहे. यातून चांगला संदेश मिळतो. सर्वांनी एकदा अवश्य पाहावा."

सोमवारी एका मुलाला उभं केलं. एरवी फारसा बोलत नाही तो. म्हटलं, वही राहू दे, तुला काय वाटलं ते सांग. जरा वेळ बाकाची कड खरवडत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, मले त्याच्या बापाचा असा राग आला न! पोरगा कप जिंकून घरी येते अन् बाप पाहतच नाही, आपली चप्पल शोधत राहते."

मी विचारलं, मग हे का नाही लिहिलंस? म्हणाला, "ते तं माझं झालं. त्याच्यात मत कुठं हाये?"

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. या मुलांना ‘मत’ म्हणजे स्वतःचं सोडून काहीतरी वेगळं वाटतं. मला फळ्यावर शब्द लिहायचे आहेत. पाहणाऱ्याच्या मनात जे होतं ते सांगणारे, घरात बोलतो तसे. तुमच्याकडे कोणते आहेत?

धरमपेठ

मॅडम, तुमचा विद्यार्थी बरोबर ठिकाणी पोचलाय, त्याला फक्त ते माहीत नाही. "मले राग आला." मराठीत मनातल्या बहुतेक गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. मला आवडला, मला पटला, मला कळला नाही, मला कंटाळा आला, मला रडू आलं. पाहणं मी केलं, म्हणून "मी पाहिला". आवडणं मात्र माझ्याकडे आलं, म्हणून "मला आवडला". पाहणारा ‘ला’ लावून एका बाजूला उभा राहतो आणि मधली जागा चित्रपटाला मिळते.

"चित्रपट छान आहे" म्हटलं की हा ‘मला’ गळून पडतो. ते वाक्य भिंत पांढरी आहे म्हटल्यासारखं होतं. त्यावर वाद घालता येतो, नाही छान म्हणता येतं. "मला आवडला" यावर कोणी काय वाद घालणार? फार तर विचारील, काय आवडलं? आणि तिथूनच खरं बोलणं सुरू होतं. तुम्ही त्या मुलाला तेच विचारलंत.

फळ्यासाठी थोडे शब्द देतो, पण प्रत्येकाचं घर वेगळं आहे हे मुलांना दाखवा.

आवडणं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत मोठं. तुकोबांच्या ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ‘आवडे निरंतर’ आहे आणि शेवटी ‘पाहीन श्रीमुख आवडीने’ आहे. पाहणं आणि आवड किती जुने सोबती आहेत बघा.

पटणं वेगळं. पिक्चर आवडू शकतो आणि शेवट पटत नाही. नायिका नवऱ्याला शेवटच्या पाच मिनिटांत माफ करते, तिथे मी आवडीने बसलेलो असतो पण पटलेलं नसतं. मुलांना ही दोन वाक्यं एकत्र लिहू द्या : आवडला, पण पटला नाही. एवढ्यानेच निबंध उभा राहील.

भावला हा शब्द छापील परीक्षणांत फार दिसतो. घरात मी तो जवळपास ऐकलेला नाही. माझ्या आईला कितीतरी गोष्टी मनापासून आवडल्या, पण "मला भावलं" असं ती कधी म्हणाली नाही. मुलांनी तो वापरावा असा माझा आग्रह नाही.

झेपला नाही, हा मात्र प्रामाणिक शब्द. ओझं झेपत नाही तसा पिक्चर झेपत नाही. यात पिक्चरला नावं ठेवलेली नाहीत, आपल्या खांद्याची गोष्ट सांगितलेली आहे. "डोक्यावरून गेला" त्याचा शेजारी.

आणि एक विसरत चाललेला : मानवणं. हवा मानवते, औषध मानवतं, प्रवास मानवतो. माझ्या सासूबाई रात्री साडेदहाच्या खुनाच्या मालिका लागल्या की उठून जायच्या. "चांगल्या असतील हो, पण मला मानवत नाहीत." मालिका वाईट आहे असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांना पुढे झोप लागायची नाही, एवढंच. इतकं नेमकं मत मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही.

सक्करदरा

जमणं राहिलं भाऊ. "पिक्चर जमला नाही" म्हणजे बनवणाऱ्याचं चुकलं. "मले नाई जमला" म्हणजे कोणाचंच चुकलं नाही, त्याचं अन् माझं जुळलं नाही. एक ‘मले’ लावला की आरोप निघून जातो.

रामटेक

संस्कृताच्या बाजूने थोडं. मुलांना हे शब्द परके वाटतात त्याचं वाईट वाटतं, कारण आत पाहिलं तर ते सगळे एका घरचे आहेत. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्यावरून प्रेक्षक, परीक्षक, समीक्षक, निरीक्षक. परीक्षा म्हणजे चहूबाजूंनी पाहणं, समीक्षा म्हणजे नीट, पुरतं पाहणं. टॉकीजमध्ये जाताना आपण जी घेऊन जातो ती अपेक्षा आणि जो चित्रपट कोणी पाहायलाच गेलं नाही त्याच्या वाट्याला येते ती उपेक्षा, दोन्हींत तोच धातू. म्हणजे समीक्षक काही वेगळ्या जातीचा माणूस नाही. प्रेक्षकच आहे, जास्त वेळ पाहत बसलेला. मुलांना हे फळ्यावर एका खाली एक लिहून दाखवा, ‘क्ष’ला खडूने गोल करा.

‘अभिप्राय’ची गंमत आपल्या भागात जास्त कळते, कारण आपल्या कानावर हिंदी आणि मराठी दोन्ही असतात. हिंदीत "आपका अभिप्राय क्या है?" म्हणजे तुम्हाला म्हणायचं काय आहे. मूळ संस्कृत अर्थ हाच, मनातला हेतू. मराठीत तो सरकत सरकत ‘मत’ झाला आणि "आपला अभिप्राय कळवा" असं आपण वहीच्या पहिल्या पानावर लिहू लागलो. पण जुना अर्थ मला अजून हवासा वाटतो. पाहणाऱ्याने अभिप्राय दिला म्हणजे स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते सांगितलं. "मले राग आला" हा शब्दशः अभिप्राय आहे.

प्रतापनगर

सगळ्यांचं वाचलं, पण ‘छान’ची इतकी हेटाळणी मला मान्य नाही. सगळ्यांनाच मन उलगडून सांगता येत नाही आणि सांगावंसं वाटतही नाही.

आमचे बाबा कापसाच्या अडतीवर हिशेब लिहायचे. वर्षातून दोन-तीनदा आम्हाला पिक्चर दाखवायचे, बहुतेक जानकीला नाहीतर पंचशीलला. सुटल्यावर बाहेर सायकली काढेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. मग आई विचारायची, "कसा होता?" आणि बाबा म्हणायचे, "बरा होता."

बाहेरच्या माणसाला वाटेल, काठावर पास केला. पण आम्हाला त्या ‘बरा’चे प्रकार माहीत होते. आखूड ‘बरा’ म्हणजे पैसे वाया गेले. ‘ब’वर जरा रेंगाळून आलेला ‘बराऽ होता’ म्हणजे खरंच चांगला. आणि एकदा बर्डीपासून घरापर्यंत सायकल चालवत न येता हातात धरून आले, काहीच बोलले नाहीत, जेवताना म्हणाले, "बराच होता." तो पिक्चर त्यांना आयुष्यभर पुरला. त्यातलं गाणं दाढी करताना गुणगुणायचे.

तेव्हा मॅडम, शब्द द्या मुलांना, जरूर द्या. पण कोणी ‘छान’ लिहिलं तर एकदा त्याच्या तोंडून म्हणवून घ्या. कागदावर जे एकसारखं दिसतं ते बोलताना एकसारखं नसतं.

इतवारी

प्रतापनगरच्या काकांचं वाचून थांबले थोडी. खूप छान लिहिलंत काका, आणि हे ‘छान’ मी रेंगाळूनच म्हणतेय.

मला दोन गोष्टी सुचतात. पहिली, शब्द बदलला की क्रियापदही बदलतं. ‘पिक्चर’ लागतो, चालतो, पडतो, उतरतो. "कोणत्या टाकीजले लागला?" हे आपल्या तोंडात बसलेलं आहे. ‘चित्रपट’ लागत नाही, तो प्रदर्शित होतो. चित्रपट, दिग्दर्शक, मध्यंतर हे सावरकरांनी सुचवलेल्या शब्दांत मोजले जातात, आणि ते चांगले शब्द आहेत, मी रोज वापरते. पण नववीचा मुलगा पहिल्या ओळीत ‘चित्रपट’ लिहितो तेव्हाच त्याची जीभ सभेत उभी राहते. मग पुढे ‘संदेश मिळतो’ येणारच. त्याला एकदा ‘पिक्चर’ लिहू द्या आणि फरक बघा. बोलणारे चित्रपट आले १९३१-३२ मध्ये, आधी हिंदीत, दुसऱ्या वर्षी मराठीत. त्या बोलण्यावरून पडलेलं ‘टॉकीज’ हे नाव आजही आपल्या चौकांना चिकटून आहे. तोंडातले शब्द असे सहजी जात नाहीत.

दुसरी गोष्ट, ‘अंगावर येणे’. माझी आजी म्हणायची, "तो लाल रंग अंगावर येतो," म्हणजे भडक आहे, नको ती साडी. बैल अंगावर येतो, कुत्रं अंगावर येतं, यात कुठेच कौतुक नाही. आता परीक्षणात वाचते, "अंगावर येणारा अनुभव", आणि ती स्तुती असते. पिक्चरने आपल्याला सुखाने बसू दिलं नाही म्हणून त्याचा मान. मागच्या महिन्यात भाचीने फोनवर सांगितलं, "आत्या, पिक्चर अंगावर आला." माझ्या आईने ते ऐकून तिकिटं रद्द करायला लावली. दोघींसाठी शब्दसमूह एकच, अर्थ पन्नास वर्षांच्या अंतराचे. ‘अंगावर काटा आला’ यात अशी गफलत होत नाही, तो अजून पूर्वीच्याच जागी आहे.

हनुमाननगर

मालिकांसाठी : पाणी घालणे. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालतात. तीनशे भागांनंतर मालिकेत घालतात. चव जाते, पातेलं भरलेलं राहतं. आमच्या घरी आई रोज साडेसातला म्हणते, "आज लयच पाणी घातलं," तरी दुसऱ्या दिवशी बसते. ‘सवय लागली’ हेही एक मतच आहे, ते पण लिहा फळ्यावर.

जरीपटका

‘आपला वाटला’ हवा यादीत. २०२२ मध्ये ‘झुंड’ आला तेव्हा इथल्या कितीतरी लोकांकडून मी हेच ऐकलं. पिक्चर हिंदी, मुख्य भूमिकेत अमिताभ बच्चन, पण गोष्ट झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर बेतलेली आणि पोरांच्या तोंडी आपली बोली. आवडला की नाही ते नंतर. आधी "आपला हाये" निघालं तोंडातून. लांब-छोटा, गाणी कशी, यावर वाद झाले तेही घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसे झाले.

वडसा

मी नागपूरचा नाही, पण राहवलं नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, धान निघालं की नाटकं सुरू होतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेला संपते. सकाळी पानठेल्यावर विचारतात, "रंगलं का?" चांगलं होतं का, असं कोणी विचारत नाही. रंगण्याला दोन्ही बाजू लागतात. तेच नाटक, तेच नट, काल रंगलं अन् आज नाही रंगलं, असं होते. थंडीत लोक उठून गेले तर नट काय करेल? पिक्चरबद्दल ‘रंगला’ म्हणताना माझी जीभ अडते, तो रोज सारखाच राहते न. पण भरलेल्या टॉकीजात शिट्ट्या वाजतात तेव्हा पिक्चर नाही, पाहणं रंगते. असं लिहिलं तर चालेल का, ते तुम्ही मराठीवाले सांगा.

महाल (मूळ प्रश्न)

चालेल काय, पळेल भाऊ. "पाहणं रंगलं" उद्याच लिहिते.

सगळ्यांचे शब्द आज फळ्यावर लिहिले. आवडला, पटला, झेपला, मानवला, जमला, रंगला, आपला वाटला, पाणी घातलं, अंगावर आला (दोन अर्थांनी). रामटेकच्या सरांचा ‘क्ष’ गोल केला, त्यावर पोरं खूश झाली. ‘उपेक्षा’त पाहणं आहे हे त्यांना खरं वाटेना.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मला पिक्चर पाहून खूप वाईट वाटलं. मग मी वाईट होता लिहायचं का?" वर्ग हसला, पण ती हसत नव्हती. मी उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालेलं नाही. चांगल्या पिक्चरने वाईट वाटतं, वाईट पिक्चरने काहीच वाटत नाही, हे तिला एका शब्दाच्या दोन अर्थांतून कसं सांगू?

रामटेक

तिचा प्रश्न फार जुना आहे, तिला आधी हे सांगा. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, त्यातल्या करुणाच्या मुळाशी शोक आहे. शोक तर कोणालाच नको असतो, मग करुण नाटक पाहायला माणसं पुन्हापुन्हा का जातात, यावर पुढच्या पंडितांनी शतकानुशतकं डोकं घातलं. व्याकरणाने एवढंच करता येतं : ‘वाईट होता’मध्ये वाईट हे पिक्चरचं विशेषण, ‘मला वाईट वाटलं’मध्ये ते तिच्या मनाचं. पुन्हा तोच ‘मला’. पण तिला व्याकरण नका सांगू. विचारा, वाईट वाटल्यावर तू काय केलंस?

महाल (मूळ प्रश्न)

विचारलं. आज वही आली. तिची शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवते :

"शेवटी मला खूप वाईट वाटलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बसली आणि परत पाहिला."