चढ, उतार, रान, नदीकाठ: तुम्ही कुठे पळता / पळायचात?

यवतेश्वरी
परवा एसटीने साताऱ्याहून बामणोलीला निघाले होते. यवतेश्वरच्या घाटात पाऊस नुसता ओतत होता आणि एका वळणावर मुलींचा घोळका चढावर पळताना दिसला. पोलीस भरतीच्या तयारीतल्या असणार. एकीने बूट काढून हातात घेतलेले, ओल्या डांबरावर अनवाणी. ड्रायव्हरने हॉर्न मारला नाही, वळण सरेपर्यंत गाडी गपचूप त्यांच्या मागे ठेवली.

आमचे कॉलेजचे सर समर्थ मंदिराच्या चौकातून पहाटे सोडायचे, मागून स्वतः लूनावर. नियम एकच. शेजारणीशी बोलता येतंय तोवर पळायचं, शब्द तुटायला लागले की चालायचं, त्यात लाज कसली. उतरताना मात्र ओरडायचे, "टाच आपटू नका गं, बारीक पावलं टाका!" चढ छाती काढतो आणि उतार मांड्या, हे दुसऱ्या दिवशी हॉस्टेलचा जिना उतरताना समजायचं, सगळ्या कठडा धरून. साताऱ्याची हिल मॅरेथॉन सुरू व्हायच्या कितीतरी आधीचं सांगतेय. तेव्हा घाटात पळणारी मुलगी दिसली की दूधवाला गाडी थांबवून विचारायचा, "काय झालं ताई? कोण मागं लागलंय?"

घाटातल्या, रानातल्या, नदीकाठच्या, सगळ्या वाटा चालतील. लिहा.

टेकडीवाला
पुण्याची वेताळ टेकडी. विषय संपला.

टेकडीवाला
बरं, जरा लिहितो, कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी आहेत. जुलैत खाणीपाशी तांबडा चिखल बुटाला असा बसतो की एकेक पाय किलोभर. मोर केकाटत असतात. आणि आजोबा लोक! आपण धापा टाकत पोचावं तर हे टेकडीवर हातपाय झाडत, वर आपल्यालाच सल्ला, "श्वास नाकाने घ्या." टेकडीवरून नेऊ पाहतात त्या बालभारती-पौड रस्त्याचा विषय मुद्दाम काढत नाही.

कोथरूडकर७८
काढलातच की.

यवतेश्वरी
इथे नको हो 🙏 त्यासाठी वेगळा धागा काढा.

तांबडापांढरा
कोल्हापूर हजर. पन्हाळ्यावरनं म्हाळुंगे करत मसाई पठार. वर गेलं की लई सपाट, कुठंबी पळा. पावसाळ्यात धुक्यात वाट गावत न्हाई, मग धनगरवाड्यावरची कुत्रीच दिशा दाखवत्यात, पाठीमागं लागून. जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहीम असती, तवा सगळा मार्ग चिखलाचा, भातखाचरं, ओढे. पन्नासेक किलोमीटर लोक दोन दिवसांत चालत्यात. १६६० ला शिवाजी महाराज त्याच वाटेनं रातोरात गेले, आषाढातला पाऊस, वरनं खांद्यावर पालखी. आपण एनर्जी जेल खाऊन, घड्याळ बघून पळतोय. त्या भोयांचं टायमिंग कुणी लिवलं न्हाई.

सिंहगडरोडची
पालखीवरून आठवलं. सिंहगडला रविवारी आतकरवाडीच्या वाटेने चढणारे सगळे घड्याळ लावून. कुणाचे किती मिनिटं, कुणाचे किती. पुणे दरवाजाच्या अलीकडे आम्ही जीव खाऊन चढतोय आणि एक मावशी डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेऊन बाजूने पुढे गेल्या, स्लिपरवर. जाताना म्हणाल्या, "बसा घटकाभर, वर कुठं गड पळून चाललाय." त्यांचं रोजचंच. त्यांना ना नंबराचा बिब ना मेडल.

भुक्कड
मुद्द्याचं बोला. पिठलं-भाकरी कुठे चांगली मिळते?

सिंहगडरोडची
ज्या मावशींनी मागे टाकलं त्यांच्याकडेच 😄

पल्याडचा
धाग्यात बसतंय की नाही माहीत नाही. कासवरून पुढे बामणोलीकडे उतरणारा रस्ता आमचा. माझ्या आईचं माहेर आता शिवसागरात आहे. कोयना धरण झालं, खोरं भरलं, माणसं कुठे कुठे गेली. कोणी वरच्या अंगाला सरकली, कोणी पार ठाणे, रायगड, सोलापूरकडे. मी सुट्टीत तापोळ्याला मामाकडे जातो तेव्हा सकाळी काठाने पळतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या गाळावरून जुन्या बांधांच्या रेघा दिसतात. मामा दारात उभा राहून सांगतो, "आता तू आमच्या खळ्यातनं पळतोयस, आता विहिरीपाशी आलास." खरंखोटं त्यालाच ठाऊक, धरण झालं तेव्हा तो बाळ होता. पण रोज विहीर त्याच जागी सांगतो.

यवतेश्वरी
😔 धाग्यात अगदी बसतंय. मामांकडून अजून ऐकून ठेवा, लिहून ठेवा.

पल्याडचा
हो ताई. या वेळी फोनवर रेकॉर्ड करणार आहे. त्याला सांगितलं तर तो लगेच भाषण करतो, म्हणून न सांगता.

येऊरचा_शेजारी
ठाणे, येऊर. जंगलातली आतली वाट नको हां कोणी सुचवू, ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याची परवानगी लागते. आम्ही आपले गावापर्यंतच्या डांबरी रस्त्याने जातो, उजाडल्यावर, आणि घोळक्याने. बिबट्या अजून दिसला नाही, पण बिबट्याने आम्हाला नक्की पाहिलंय. बायको म्हणते तुम्ही सगळ्यात हळू, तेव्हा काळजी आम्हालाच.

नाशिककर_मिसळ
पळण्यावरून चाललंय आणि सावरपाड्याचं नाव नाही? हरसूलकडचा तो सगळा चढउताराचा मुलूख. कविता राऊत तिथलीच, पाणी आणायला डोंगर तुडवणारी पोर. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईत रौप्य. आमच्या शाळेत तेव्हा प्रत्येक पोरगं मैदानाला फेऱ्या मारत होतं. आठवडाभर. मग क्रिकेट.

माणदेशी
आमची ललिता बाबर पण लिहा. माण तालुक्यातलं मोही. २०१६ ला रिओत स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल, दहावी आली. आमच्याकडे ना रान ना नदी, माणगंगा असते नावाला. पळायला धूळ भरपूर.

नेकारकाठ
जर्मनीतून, ट्राममध्ये टाइप करतेय. हायडेलबर्गला नेकार नदी दोन डोंगरांच्या मधून येते. पलीकडच्या बाजूला फिलॉसॉफेनवेग, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट, नाव भारदस्त, पण सुरुवातीचा चढ तत्त्वज्ञान विसरायला लावतो. अलीकडे क्योनिगश्टूल, त्याला जंगलातून दगडी पायऱ्यांची वाट आहे, हजारावर पायऱ्या. ऑक्टोबरात बीच झाडांची पानं ओली होऊन पायऱ्यांवर चिकटतात, कातळावरच्या शेवाळापेक्षा वाईट. जेजुरीला लहानपणी बाबांनी खांद्यावर नेलं होतं, त्याची भरपाई इथे चालू आहे. बाकी इथे कोणी विचारत नाही कोण मागे लागलंय. स्टॉप आला.

घाटातलाडांबर
लोणावळा ते अँबी व्हॅली रस्ता. कॉम्रेड्स शर्यतीच्या तयारीला मुंबई-पुण्याची बरीच मंडळी तिथे येतात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन ते पीटरमॅरित्झबर्ग, नव्वदीच्या आसपास किलोमीटर, साधारण एक वर्ष वर चढत जायचं, पुढच्या वर्षी खाली उतरत. मी चढाच्या वर्षी गेलो. इंचांगा, मग शेवटी शेवटी पॉली शॉर्ट्स नावाचा एक नालायक चढ, तिथे भलेभले चालतात. वाटेत आर्थर न्यूटन या जुन्या विजेत्याच्या नावाची दगडातली बैठक आहे. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी म्हसोबाला नारळ देतात तसे तिथे पळणारे फूल ठेवतात आणि "गुड मॉर्निंग आर्थर" म्हणतात. मीही म्हणालो, वर "सांभाळ रे बाबा" मराठीत.
बारा तास झाले की एक माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो आणि खेळ खलास. दोन पावलांवर असलात तरी. मी आत पोचलो होतो, पण स्टँडमधून ते बघवत नाही.

कोथरूडकर७८
पाठ का करतो?

घाटातलाडांबर
कोण येतंय ते दिसू नये म्हणून. दिसलं तर हात थांबेल ना.

सत्तरीचो_पावस
वाळपयच्या बाजूला म्हादईच्या काठाने. पावसाळ्यात जळवा फुकट. आंबोलीवाले दुजोरा देतील.

आंबोलीची_माहेरवाशीण
दिला. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावायचं. ओढून काढू नका, मीठ टाका, सुटते.

भुक्कड
मीठ घेऊन पळायचं?

आंबोलीची_माहेरवाशीण
काकडीबरोबर नेता तेच.

तांबडापांढरा
जळू काय न्हाई करत. आग्या मोहोळापासनं जपा. कड्याखाली अत्तर, स्प्रे मारून जाऊ नका, आरडाओरडा नको. उठलं तर मग खरंच कोण मागं लागलंय ते सांगायला लागत न्हाई.

सिंहगडरोडची
कोणीतरी ओले बूट वाळवायचा उपाय सांगा, दोन दिवस झाले, कुबट वास.

टेकडीवाला
आतला सोल काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. मग फ्रिजच्या मागे, तिथे कोमट हवा असते. गॅसजवळ अजिबात नको, गोंद सुटतो.

सिंहगडरोडची
फ्रिजच्या मागे सासूबाईंनी सांडगे वाळत घातलेत.

टेकडीवाला
मग बूट बाल्कनीत. सांडग्यांशी वाद नको.