बायबलमधल्या बायकांचा विश्वास: सोसणं की हटून बसणं?

पाणवठा:
बायबलमधल्या स्त्रियांवरचा उपदेश कुठूनही सुरू झाला तरी येऊन थांबतो एकाच जागी: सोसा, गप्प राहा, देव बघून घेईल. मूळ गोष्टी वाचताना मला तर उलटंच दिसतं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 5 व्या अध्यायातली रक्तस्रावाची बाई घ्या. 12 वर्षांचं दुखणं. वैद्यांपायी होतं नव्हतं ते गेलं आणि दुखणं वाढलंच. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, तिचा स्पर्श दुसऱ्यालाही विटाळणारा. तरी ती कुणाला विचारत बसत नाही. गर्दीत मागून शिरते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. बरी होते, आणि मग येशू विचारतो, मला कोण शिवलं? म्हणजे कृपा आधी पोचली, चौकशी नंतर! वर तो तिला ‘मुली’ म्हणतो, आणि तुझ्या विश्वासाने तू बरी झालीस असं चारचौघांत सांगतो. या चोरट्या स्पर्शाला तो विश्वास म्हणतोय. यात सोशिकपणा कुठे आहे?

जुनी वही:
ताई, तुम्ही सोयीच्या तेवढ्या बायका निवडल्यात. येशूची आई मरीया, तिचं काय? तुला मूल होईल असं सांगणाऱ्या देवदूताला तिचं उत्तर होतं की मी प्रभूची दासी, तुझ्या म्हणण्याप्रमाणे होवो. यापेक्षा मोठा विश्वास नव्या करारात (बायबलच्या येशूपासूनच्या भागात) मला तरी माहीत नाही, आणि तो शरण जाण्याचा आहे. हल्ली प्रत्येक गोष्टीत बंड शोधायची सवयच लागली आहे.

पाणवठा:
दासी म्हणण्याआधी ती ‘हे कसं होईल?’ असं विचारते, ते का गाळलंत? आणि त्याच अध्यायात नातलग अलीशिबेच्या घरी ती जे गाते, त्यात अधिपती आसनांवरून खाली खेचले जातात आणि धनवान रिकाम्या हाताने परत जातात. शरण ती देवाला गेली. उपदेशात मात्र ते हळूच ‘घरच्यांना शरण जा’ होऊन बसतं.

शंकेखोर:
मी श्रद्धावान नाही, पण वाचलंय सगळं. मत्तय 15 मधल्या कनानी, म्हणजे यहुदी नसलेल्या, बाईबद्दल बोला की. मुलगी आजारी म्हणून ती ओरडत येते. आधी येशू उत्तरच देत नाही, शिष्य म्हणतात हिला घालवून द्या, मग मुलांची (म्हणजे यहुद्यांची) भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही हे ऐकून घ्यावं लागतं. ती म्हणते, खरं, पण धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात. तेव्हा कुठे काम होतं. फुकट मिळते ती कृपा ना? इथे तर आधी अपमान गिळावा लागला.

पाणवठा:
हा उतारा मलाही टोचतो. मूळ ग्रीकमध्ये ‘कुत्र्याची पिल्लं’ अशा अर्थाचा शब्द आहे असं सांगून काहीजण धार बोथट करतात, मला ते पटत नाही. पण मार्क 7 मध्ये हीच गोष्ट पाहा. तिथे विश्वास हा शब्दच नाही. तुझ्या या बोलण्यामुळे जा, असं येशू म्हणतो. तिचं उत्तर मानलं गेलं. शुभवर्तमानांत वादात येशूवर मात केलेलं दुसरं माणूस मला तरी आठवत नाही.

जुनी वही:
मात केली?! तो तिची परीक्षा पाहत होता. एवढं साधं आहे.

शंकेखोर:
आजारी मुलीच्या आईची परीक्षा. वा.

दिवटी:
भांडण जरा बाजूला ठेवून राहाबेकडे बघा. यरीहो शहरातली वेश्या, तिने इस्राएलाच्या हेरांना गच्चीवर तागाच्या काड्यांखाली लपवलं. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र (अध्याय 11) म्हणतं, विश्वासाने वाचली. याकोबाचं पत्र (अध्याय 2) म्हणतं, कृतीने नीतिमान ठरली. बाई एक, साक्षी दोन! याकोबाच्या पत्राला धर्मसुधारक ल्यूथरने 1522 मध्ये गवताचं (म्हणजे हलकं) पत्र म्हटलं, ते याच विश्वास-कृतीच्या गुंत्यामुळे. मला वाटतं हेर दारात उभे असताना राहाबेने असा हिशेब केलाच नसेल. आणि पुढे मत्तयाने तिला थेट येशूच्या वंशावळीत बसवलं, तामार आणि रूथच्या जोडीला.

तिसरा प्रहर:
मला हन्ना जवळची. तिच्या नावाचा अर्थच कृपा. मंदिरात मुलासाठी प्रार्थना करताना तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यायलेली वाटली, आणि तिने त्याला तिथेच दुरुस्त केलं. तिचा चेहरा पालटला तो तिथून निघताना. मूल पोटात नव्हतं तेव्हा.

पण पाणवठा, तुमच्याही यादीत एकजण नाही. जुन्या करारातल्या शास्ते या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायातली इफ्ताहाची मुलगी. बापाने नवस केला आणि तो फेडताना तिचा बळी गेला. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा बळी द्यायला निघाला तेव्हा त्याच्याऐवजी झुडपात एडका अडकला होता. हिच्यासाठी काही आलं नाही. हटून बसली असती तर कुणी ऐकलं असतं?

जुनी वही:
नवस बापाचा होता, देवाने मागितला नव्हता.

तिसरा प्रहर:
थांबवलाही नाही ना.

पाणवठा:
तिच्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तिने बापाकडे दोन महिने मागून घेतले, मैत्रिणींसोबत डोंगरांवर जाऊन रडायला. नंतर इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी जात असत, असं तिथेच लिहिलंय. त्या चार दिवसांवर मी अजून एकही उपदेश ऐकलेला नाही.