कात्री कुठे लागते?

ब्रिटिश विनोदी मालिका ‘कपलिंग’ची अमेरिकन आवृत्ती संहिता जशीच्या तशी उचलली म्हणून आपटली, असं म्हणतात. अर्धंच खरं. बीबीसीवर जाहिराती नाहीत, भाग जवळपास ३० मिनिटांचा. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर जाहिराती वजा जाता उरतात २२च्या आसपास. कात्री लागते ती विनोदाच्या पूर्वतयारीला, मग शेवटचा पंच अधांतरी लटकतो. २००३ मध्ये चार भाग दाखवून गाशा गुंडाळला.

‘द ऑफिस’चा पहिला अमेरिकन भागही जवळपास नक्कलच होता. ब्रिटिश मालिका १४ भागांत आटोपली, अमेरिकेत २०१ भाग रेटायचे होते. इतका वेळ निव्वळ असह्य बॉस कोण बघणार? म्हणून दुसऱ्या सीझनपासून अमेरिकन बॉस मायकेल स्कॉट मवाळ केला (केससुद्धा नीट बसवले!). ‘द क्लायंट’ हा भाग बघा: चिलीज या रेस्टॉरंटमध्ये गप्पा हाणत तो मोठं गिऱ्हाईक पटवतो.