मदत हवी आहे: बॅशने चालणारी स्क्रिप्ट एसएचने चालवली की अडते

घरच्या जुन्या मॅकवर बॅश (कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारा शेल) ३.२ आहे. फोटोंचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट टर्मिनलमधून बॅशने बिनबोभाट चालते. तीच एका जुन्या शेड्यूलर प्रोग्रॅममधून सुरू झाली की लूप संपतो त्या ओळीवर सिन्टॅक्स एरर. तो प्रोग्रॅम स्क्रिप्ट कायम एसएच या शेलनेच चालवतो, शिबँगच्या (कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणाऱ्या पहिल्या) ओळीकडे बघतही नाही, आणि हे बदलायची सेटिंग त्यात नाही.

अडणारी ओळ: डन < <(फाइंड ...)

इथलं एसएच म्हणजे पॉझिक्स मोडमधलं (शेलच्या प्रमाणित नियमांनुसार वागणारं) बॅशच, आणि त्या मोडमध्ये या आवृत्तीत प्रोसेस सब्स्टिट्यूशन (वरच्या ओळीसारखं कमांडचं आउटपुट फाइल म्हणून वाचायला देणं) बंद असतं, इथपर्यंत उलगडा झालाय.

फाइंडचं (फाइल्स शोधणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपने व्हाइल लूपला देऊन पाहिलं. एरर गेली, पण लूप सबशेलमध्ये (वेगळ्या शेल प्रोसेसमध्ये) चालतो, त्यामुळे किती फाइल्स कॉपी झाल्या ते मोजणारा व्हेरिएबल बाहेर शून्यच राहतो. (शून्य फाइल्सचा बॅकअप यशस्वी, असा लॉग वाचायला मजा येते.) नावांत स्पेस आहेत, म्हणून स्पेसवर नाव तोडणारा साधा फॉर लूप नको. मॅपफाइल (ओळी थेट अ‍ॅरेत वाचणारी कमांड) बॅश ४ पासून आहे. टेम्प फाइलने काम होतं, पण स्क्रिप्ट मध्येच बंद पडली की ती मागे उरते. नवी सिस्टिम किंवा नवं बॅश या मशीनवर टाकायचं नाही.

आता दोन पर्याय दिसतात: स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पॉझिक्स मोड बंद करायचा, म्हणजे सेट +ओ पॉझिक्स, किंवा एक्झेक (चालू शेलच्या जागी दुसरी कमांड सुरू करणारी कमांड) वापरून तीच स्क्रिप्ट सगळ्या आर्ग्युमेंट्ससकट बॅशने पुन्हा सुरू करायची. बॅश ३.२ मध्ये यातलं भरवशाचं कोणतं, आणि अडणारी ओळ एखाद्या फंक्शनच्या आत असेल तरी ते चालेल का?