तालुका मेळाव्यात आपलेच समर्थक आपसात भिडू नयेत म्हणून काय करावं?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. झेडपीच्या आमच्या गटातून (म्हणजे मतदारसंघातून) कोणाला उभं करायचं यासाठी रविवारी मेळावा आहे. इच्छुक दोघे, दोघंही पक्षाची जुनी माणसं, पण पोरांनी आत्तापासूनच व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांची उणीदुणी काढायला घेतलीयत, गद्दार वगैरे सर्रास चाललंय. मागच्या खेपेला ज्याला डावललं त्याच्या वाडीतलं कोणी मतदानाच्या दिवशी बूथवर फिरकलंच नाही. दोघंही जवळचे म्हणून जीव तुटतो हो. उपाय सांगा.

सड्यावरचा:
याचं मूळ ग्रामपंचायतीत आहे बघा. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं त्यामुळे एकाच पक्षाची माणसं दोन पॅनलमध्ये समोरासमोर लढतात, सरपंचपदावरून भावकीत बोलणं बंद होतं, आणि मग झेडपीला चिन्ह आलं की सांगतात आता सगळे एक व्हा. असं कसं होणार? रविवारच्या आधी दोघांच्या वाडीत जाऊन वडीलधाऱ्यांसोबत बसा, जुनं काय असेल ते तिथेच बोलून घ्या, हॉलमध्ये माईकवर नको.

काजूवाली ताई:
सुरुवातीलाच स्पष्ट सांगून टाका की एबी फॉर्म (पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र) वरून येतो, मेळाव्यातून फक्त शिफारस जाते. लोकांना वाटतं हात वर केले की तिकीट मिळालं, आणि मग नाव बदललं की राग इथल्या माणसांवर निघतो. अध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातला आणा, दोघांना सारखाच वेळ द्या, घोषणा बंद. आमचा गट महिलांसाठी राखीव होता (२०११ पासून झेडपीत निम्म्या जागा बायकांच्याच आहेत), तर इच्छुक दोघी शांत बसलेल्या आणि भांडत होते त्यांचे नवरे नि दीर! शेवटी एकीने माईक घेऊन सांगितलं, मला तिकीट नाही मिळालं तरी मी हिच्या प्रचाराला फिरणार, आणि खरंच फिरली. ते वाक्य तुमच्या दोघांकडून मेळाव्याआधी वदवून घ्या, निकालानंतर कोण बोलत नाही.

मालवणी माणूस:
माका एक सांगूचा हा. एकजूट एकजूट म्हणान प्रश्न इचारणाऱ्याक गप बसवतत, ता बरा न्हय. पाच वर्सा तू खय होतस ह्या इचारूकच व्हया. फक्त कोणाच्या घरादारावर जाव नको.

खाडीपलीकडचा:
ताई, दोघांना उद्याच एकत्र बसवतो. आणि मालवणी माणूस, तुमचं पटलं, प्रश्नांसाठी वेगळा अर्धा तास ठेवायला सांगतो. ग्रुपचं काय करू पण? ॲडमिन दोन्हीकडचे एकेक आहेत आणि कोणीच कोणाला आवरत नाहीये.

काजूवाली ताई:
रविवारपर्यंत फक्त ॲडमिननाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग करा. आणि ज्याने गद्दार लिहिलं त्याला फोन करा, ग्रुपवर उत्तर देऊ नका.