दोन मशिन्सचा व्हेरिअन्स सारखा आहे का? तीन टेस्ट, तीन उत्तरं

पॅकिंग_लाइन:
५०० ग्रॅम साखरेच्या पिशव्या भरणारी दोन मशिन्स आहेत. प्रत्येकी १० पिशव्यांचं निव्वळ वजन, चढत्या क्रमाने:

अ: ४९८, ४९९, ४९९, ५००, ५००, ५०१, ५०१, ५०२, ५०३, ५११
ब: ४९७, ४९८, ४९८, ४९९, ५००, ५००, ५०१, ५०२, ५०२, ५०३

व्हेरिअन्स (वजनं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचं माप) अ १३.६, ब ४.०; एफ (दोन्हींचा भागाकार) = ३.४. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधली एफ-टेस्ट पी (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०४१ देते, एफ.टेस्ट हा फॉर्म्युला ०.०८३ देतो आणि मध्यकावरची लेव्हीन टेस्ट ०.५६. यातलं कुठलं धरायचं? पुढे सरासरीसाठी टी-टेस्ट करायची आहे.

दोन_शेपट्या:
पहिले दोन आकडे एकाच टेस्टचे आहेत. डेटा अ‍ॅनालिसिस एका बाजूचा पी छापतं, फॉर्म्युला दोन्ही बाजूंचा. 'अ जास्त हलतं' असा संशय वजनं घेण्याआधीच असेल तरच एक बाजू चालेल. आकडे पाहून मोठा व्हेरिअन्स वर ठेवला आणि एका बाजूचा पी वाचला, तर ५ टक्के समजत असलेली चूक प्रत्यक्षात १० टक्के होते. ९ आणि ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (प्रत्येक मशीनच्या पिशव्या वजा एक) दोन्ही बाजूंची ५ टक्क्यांची सीमा ४.०३ आहे, त्यामुळे ३.४ आतच बसतो.

पण खरी अडचण नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाची. टी-टेस्ट थोडंफार बिघडलेलं वितरण निभावून नेते, एफ-टेस्ट नाही. वितरणाच्या शेपट्या जाड असतील (जादा कुर्टोसिस, म्हणजे शेपट्या किती जाड त्याचं माप, २ धरा) तर सॅम्पल व्हेरिअन्सची स्वतःची चढउतार जवळपास दुप्पट होते आणि ५ टक्क्यांची चूक १६-१७ टक्क्यांवर जाते. सॅम्पल वाढवूनही हे सुधारत नाही. व्हेरिअन्स तपासणाऱ्या बार्टलेट टेस्टलाही हाच रोग आहे.

मध्यक_बघा:
५११ ची पिशवी बाजूला ठेवून अ चा व्हेरिअन्स काढा: २.५. म्हणजे ब पेक्षाही कमी! अख्खा एफ त्या एका पिशवीवर उभा आहे.

लेव्हीनचं गणित हातानेही होतं. अ चा मध्यक ५००.५, ब चा ५००. प्रत्येक वजन मध्यकापासून किती दूर, ते चिन्ह सोडून लिहा. अ ची बेरीज २२, सरासरी २.२, ब ची १६, सरासरी १.६. या अंतरांवर साधी टी-टेस्ट लावा: टी ०.५९, डिग्रीज १८, पी ०.५६. मध्यक वापरणारा हा प्रकार ब्राउन-फोर्साइथचा, १९७४ चा. लेव्हीनच्या १९६० च्या मूळ पद्धतीत सरासरी होती. एसपीएसएस टी-टेस्टच्या तक्त्यात सरासरीवरची लेव्हीन देतं. आर या सॉफ्टवेअरचं कार पॅकेज आणि पायथनचं सायपाय न सांगता मध्यक घेतात. तेव्हा रिपोर्टमध्ये कुठली ते लिहाच.

०.५६ चा अर्थ 'दोन्ही सारखी' असा मात्र काढू नका. १०-१० पिशव्यांत एफ-टेस्टला फरक दिसायला एसडी (व्हेरिअन्सचं वर्गमूळ) दुपटीहून जास्त लागतो. ३०-३० घेतल्यात तर १.४५ पट पुरतो. सलग ३० पिशव्या नकोत. शिफ्टभर पसरून घ्या आणि वेळेच्या क्रमाने आलेख काढा. वजन हळूहळू सरकत असेल तर तेही व्हेरिअन्समध्ये मिसळतं. आणि ५११ खोडू नका. ती पिशवी मशीन सुरू करतानाची होती का, हे आधी शोधा. चालू लाइनवर असं अधूनमधून होत असेल तर मशीनचा खरा दोष तोच आहे.

दोन_शेपट्या:
टी-टेस्टसाठी आधी व्हेरिअन्स तपासायची गरजच नाही, थेट वेल्च (व्हेरिअन्स सारखे न धरणारी टी-टेस्ट) वापरा. सॅम्पल सारख्याच आकाराचे असल्याने टी दोन्ही पद्धतींनी १.०६ येतो, डिग्रीज तेवढ्या १८ वरून १३.९ होतात. लहान सॅम्पलचा व्हेरिअन्स मोठा असेल तेव्हा मात्र साधी टी-टेस्ट नसलेला फरक दाखवू लागते. आरमध्ये टी-टेस्ट मुळातच वेल्च आहे.

पॅकिंग_लाइन:
वेल्च घेतो. त्याच १० पिशव्या दोन वजनकाट्यांवर मोजून काट्यांची तुलना करायची असेल तर हीच लेव्हीन चालेल?

मध्यक_बघा:
नाही. वाचनं जोडीची आहेत आणि एफ, लेव्हीन दोन्ही सॅम्पल स्वतंत्र धरतात. तिथे जोडीच्या वाचनांसाठीची पिटमन-मॉर्गन टेस्ट: प्रत्येक पिशवीच्या दोन वाचनांची बेरीज एका रकान्यात, वजाबाकी दुसऱ्यात, आणि दोन रकान्यांमधला कोरिलेशन शून्य आहे का ते तपासा, डिग्रीज ८. व्हेरिअन्स सारखे असतील तर तो शून्याजवळ येतो. हीसुद्धा नॉर्मल वितरण धरूनच चालते, म्हणून शंका असेल तर स्पिअरमनचा (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढलेला) कोरिलेशन घ्या. काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर ०.१ ग्रॅमचा आणा, नाहीतर बहुतेक वजाबाक्या शून्य येतील.